केटरर मंडळींनो, भांड्यात काय आहे तेवढं लिहा की! (एक खुलं पत्र)

प्रति,
समस्त केटरर, मंगल कार्यालयवाले, पत्रिका छापणारे, आणि 'मेनू फायनल करणारे' यजमान (यात मीसुद्धा आले, ते पुढे सांगते)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुळशीचं लग्न झाल्यापासून आत्तापर्यंत आमच्या फ्रिजवर पत्रिकांचा गठ्ठा साठलाय आणि त्यातल्या 11 ठिकाणी मी स्वतः जाऊन जेवून आलेय. तक्रार चवीची नाही हे आधीच सांगून टाकते. चवीच्या बाबतीत तुम्ही लोक बरेच सुधारलात, पूर्वी मसालेभाताचा गोळा व्हायचा आणि जिलबी दाताला चिकटायची, तसं आता फारसं होत नाही. माझी तक्रार त्या छोट्या पाटीबद्दल आहे. प्रत्येक भांड्यासमोर प्लास्टिकच्या स्टँडमध्ये खोचलेली, लॅमिनेट केलेली, सोनेरी वेलबुट्टीवाली पाटी. ती वाचून भांड्यात काय आहे ते कळत नाही. मग झाकण उचलून बघायचं, वाफ चष्म्यावर, डाव हातात, आणि मागचा माणूस ताट घेऊन आपल्या पाठीला टेकलेला.

पण घोळ पाटीपासून सुरू होत नाही, पत्रिकेपासूनच होतो, म्हणून आधी पत्रिका.

पाहुण्याला पत्रिकेतून जेवणाबद्दल एकच गोष्ट कळायला हवी असते. घरून जेवून निघायचं का नाही. बास. आणि नेमकी तीच गोष्ट कळत नाही. 'स्नेहभोजन' लिहिलं की जेवण आहे इतपत ठीक. 'प्रीतिभोजन' म्हणजे पण तेच असावं. नागपूरकडच्या पत्रिकेत 'स्वरुची भोजन' असतं, ते बुफेला म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला तो शब्द आवडतो, आपल्या रुचीने आपण वाढून घ्या, छान आहे की. पण 'अल्पोपाहार' आला की माझं डोकं फिरतं. एका बारशाला संध्याकाळी 5 वाजता 'अल्पोपाहार' होता म्हणून आम्ही दुपारचं नीट जेवून गेलो तर तिथे पुरी, छोले, जिरा राईस, गुलाबजाम, सगळं साग्रसंगीत, आणि यजमानीणबाई 'काहीच घेतलं नाहीत' म्हणून रुसलेल्या. पुढच्याच महिन्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी 7 ला 'हाय टी', तर आम्ही शहाणे झालो होतो ना, न जेवता गेलो. मिळालं काय, ढोकळ्याचे 2 तुकडे, एक सँडविचचा त्रिकोण आणि कागदी कपात चहा. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, जेवणाआधी घ्यायची गोळी त्यांनी गाडीतच घेतली होती कारण त्यांच्या डोक्यात 7 वाजता बोलावलंय म्हणजे जेवायलाच बोलावलं असणार. साडेआठला त्यांचे हात थरथरायला लागले, मी पर्समधली साखरेची पुडी त्यांच्या तोंडात टाकली आणि रस्त्यात एका टपरीवर दोन केळी घेतली तेव्हा जरा हुशारी आली. 'हाय' कशासाठी म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

आणि हो, शब्द घालायचाच असेल तर निदान नीट घाला. अल्प अधिक उपाहार म्हणजे 'अल्पोपाहार'. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू. माझ्याकडे आत्ता समोर 4 पत्रिका आहेत ज्यात 'अल्पोपहार' छापलंय आणि त्यातल्या एकीत बरोब्बर खालच्या ओळीत 'कृपया आहेर आणू नये' असं आहे. म्हणजे तुम्ही छोटी भेट देणार आणि आम्ही आणायची नाही, व्यवहार तर चांगलाय.

आता काही शब्द असे आहेत की ते आपल्या आपल्यात बरोबर कळतात आणि ते बदलू नयेत असंच माझं मत आहे, फक्त बाहेरच्या माणसाला सांगताना भान ठेवावं. आमच्या सांगलीकडे हळदीचं किंवा जावळाचं आमंत्रण देताना 'तिखट जेवण आहे' म्हणाले की समजायचं मटण आहे. गोव्यात माझी मैत्रीण 'शिवराक' म्हणते, म्हणजे मासे-मटण नसलेलं. दोन्ही शब्द किती सुटसुटीत आहेत बघा, एका शब्दात काम. पण 'गोड जेवण' म्हटलं तर? ह्यांच्या काकू गेल्या तेव्हा ह्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'रविवारी घरी गोड जेवण आहे, सोमवारी जॉइन होतो'. टीममधल्या एका नव्या पोराने खाली लगेच फुगे, केक, टाळ्या, 'वा सर, काय विशेष? पार्टी पाहिजे!' त्या बिचाऱ्याची काय चूक, सुतक संपल्यावर गोडाचं जेवण करतात हे त्याला कुणी कधी सांगितलंच नसेल. ह्यांनी नुसता नमस्काराचा हात पाठवला. सोमवारी तो पोरगा सबंध दिवस ह्यांच्या टेबलाकडे फिरकला नाही.

सांगायचा मुद्दा हा की जेवणाला काय म्हणायचं हा काही नुसता सजावटीचा विषय नाही. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी गेल्या शतकात सहभोजनं घडवली ती 'झुणका-भाकर सहभोजन' अशा नावाने. त्या नावात ताटात काय आहे ते आहे आणि शेजारी कोण बसणार तेही आहे. सगळ्या जातीची माणसं एका पंगतीत बसणार आणि कुणालाही परवडेल अशी झुणका-भाकर खाणार. नाव वाचून येणारा येत होता आणि ज्याला पटत नव्हतं तो येत नव्हता. आज ऑफिसच्या पिकनिकला 'सहभोजन' लिहितात आणि त्यात मॅनेजर लोकांचं टेबल वेगळं असतं. असो. तो वेगळ्या पत्राचा विषय झाला.

तर मेनू.

मी जे आत्ता लिहिणार आहे ते सगळं मी फोनमध्ये फोटो काढून ठेवलंय, मनाने रचलेलं काही नाही. साधं वरण, ज्याला आपण अख्खा जन्म वरण म्हणत आलो, ते एका ठिकाणी 'दाल ए खास' होतं. बटाट्याची पिवळी सुकी भाजी 'जीरा आलू रॉयल'. मठ्ठा 'स्पाइस्ड बटरमिल्क शॉट्स', तोही एवढ्याशा काचेच्या नळकांड्यात, एका घोटात संपतो, मग आम्ही म्हाताऱ्या बायका 6-6 नळकांडी घेऊन बसलो. अळूची भाजी, अळूचं फदफदं हो, त्याला 'कोलोकेशिया करी विथ पीनट्स'. यात निदान दाणे आहेत हे तरी सांगितलं त्यांनी, त्याबद्दल आभार, कारण पुढे मी दाण्यावरच येणार आहे. थालीपीठ 'मल्टिग्रेन पॅनकेक' झालं तेव्हा माझी आई, वय 78, तिथल्या मुलाला म्हणाली 'बाळा, त्यावर लोणी दे, पॅनवर केक झालाय तर निदान लोण्याने मऊ होईल'. मुलगा हसला नाही. त्याला काही कळलंच नव्हतं.

आणि 'व्हेज कोल्हापुरी'! माझं माहेर मिरजेचं, निम्मे नातेवाईक कोल्हापुरात, तिथल्या एकाही घरात मी 'व्हेज कोल्हापुरी' शिजलेलं पाहिलेलं नाही. तांबडा पांढरा रस्सा पाहिलाय, मिसळ पाहिलीय. पण लाल तवंगाखाली गाजर, फरसबी, फ्लॉवर आणि मटार असा जो एक पदार्थ तुम्ही गेली तीस-चाळीस वर्षं त्या शहराच्या नावावर खपवताय तो कोल्हापूरकरांना कुणी विचारून ठेवला होता का? शिवाय त्याच्याच शेजारच्या भांड्यात तीच गाजर-फरसबी पांढऱ्या ग्रेव्हीत घातली की 'व्हेज शाही कुर्मा' आणि हिरव्या ग्रेव्हीत घातली की 'व्हेज हैदराबादी'. गाजर एक, राज्यं तीन.

वेलकम ड्रिंकबद्दल एवढंच बोलते की ते निळं असतं. त्याला 'ब्लू लगून' म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि 'पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ ती हीच का' विचारून ट्रेमध्ये परत ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल बाई, यात एवढं रागवायचं काय, कार्य आहे, जरा थाटमाट हवा, 'बटाट्याची भाजी' लिहिलं तर यजमानाला वाटतं आपण पर प्लेट एवढे पैसे कशाचे मोजतोय. मान्य. मला पण हसूच यायचं, वैशाखापर्यंत. मग आमच्याकडची एक मुंज झाली.

माझ्या बहिणीच्या मुलाला, वय 7, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नुसतं 'त्याला आवडत नाही' किंवा 'पोटाला सोसत नाही' तसलं नाही, खरी ॲलर्जी, डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली. आता शेंगदाणा टाळून मराठी जेवण जेवायचं म्हणजे काय ते ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पंचामृतात दाणे (देवाचं नाही, पंगतीत वाढतात ते चिंचगुळाचं), अळूत दाणे, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, उपवासाच्या आमटीत तर दाण्याशिवाय दुसरं काहीच नसतं. पण बहिणीला हे सगळं पाठ आहे. नाव ऐकलं की तिला कळतं कशात आहे आणि कशात नाही. आपल्या पदार्थांची नावं तशीच आहेत ना, नावाबरोबर कृती येते. 'खमंग काकडी' म्हटलं की काकडी चोचवलेली, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, लिंबू, चिमूटभर साखर, वरून फोडणी. यात कुणाला काही विचारावं लागत नाही. ती म्हणते माझ्या डोक्यात यादीच आहे, खमंग काकडी लाल, टोमॅटोची कोशिंबीर विचारून, मसालेभात बहुतेक चालेल पण काजूबरोबर दाणे टाकलेत का बघायचं, वरणभात डोळे मिटून.

त्या मुंजीत बुफे होता. सॅलडच्या टेबलावर पाटी, 'रॉयल पेशवाई सॅलड'. भांड्यात वरून डाळिंबाचे लालभडक दाणे, कोथिंबीर, एका बाजूला गाजराचं कोरलेलं फूल. बहिणीने तरी विचारलं. तिथे उभा असलेला मुलगा, असेल विशीचा, काळं जाकीट, हातात पांढरे मोजे, तो म्हणाला 'सॅलड है मॅडम, खीरा है'. खोटं नाही बोलला तो, काकडीच होती. तिने पोराच्या ताटात 2 चमचे वाढलं, त्याला काकडी आवडते, आणि ती वरणभात आणायला वळली.

परत येईपर्यंत तो ओठ चोळत होता. मग म्हणाला जिभेला टोचतंय. मी समोरच बसले होते, पहिल्यांदा वाटलं मिरची लागली असेल, पाणी दिलं. पाच मिनिटांत खालचा ओठ सुजला, मानेवर गांधी उठल्या, एकेक रुपयाएवढ्या, आणि तो मोठ्याने श्वास घ्यायला लागला. बहिणीच्या पर्समध्ये औषध होतं ते तिने दिलं, मी त्याच्या नव्या चपला हातात घेऊन मागे धावत होते का ते आजही मला सांगता येणार नाही, ह्यांनी गाडी काढली, नशिबाने हॉस्पिटल चौकातच होतं. तिथे इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत पोरगा उठून बसला आणि त्याने आईस्क्रीम मागितलं. म्हणजे सगळं ठीक झालं. पण त्या मधल्या अर्ध्या तासाबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांनी केटररला फोन केला. भांडायला नाही, नुसतं सॅलडमध्ये काय काय होतं ते डॉक्टरांना सांगायचं होतं म्हणून. तर पलीकडून तो सद्गृहस्थ अगदी सहज, थोडा आश्चर्यानेच म्हणाला, 'अहो साहेब, ती आपली खमंग काकडीच की!'

झालं. सगळं पत्र खरं म्हणजे त्या एका वाक्यासाठी आहे. त्याच्या भटारखान्यात ती खमंग काकडी होती. आचाऱ्याने 'काकडी चोचवून ठेव रे' असंच सांगितलं असणार, सामानाच्या यादीत 'काकडी 20 किलो, दाणे 3 किलो' असंच लिहिलेलं असणार. भटारखान्याच्या दारापासून ते टेबलापर्यंतच्या वीस पावलांत ती पेशवाई झाली आणि दाणे गायब झाले. तुम्हाला खरं नाव माहीत असतं हो. तुम्ही आपापसात तेच वापरता. तुमच्या कोटेशनमध्ये 'दोन भाजी, एक फरसाण, दोन स्वीट' असतं, आणि 'फरसाण' म्हणजे कोथिंबीर वडी का अळूवडी का भजी हे तुम्हाला आणि यजमानाला फोनवर अगदी नीट कळतं. न कळणारं नाव फक्त जेवणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

मग मी जरा शोधाशोध केली कारण मला वाटलं यासाठी काहीतरी नियम असेलच. पाकीटबंद पदार्थांना आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे ते एफएसएसएआय, त्यांच्या 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत ॲलर्जीच्या गोष्टींची यादीच आहे. शेंगदाणा आणि काजू-बदामासारखी कवचाची फळं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनवाली धान्यं, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर हे लिहावं लागतं. हॉटेलांच्या मेनूकार्डासाठी पण त्यात काही नियम आहेत, कॅलरी लिहायच्या वगैरे, मोठ्या साखळीवाल्यांना. पण तिथेच एक सूट दिलीय, वर्षात 60 दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या समारंभाच्या केटररना हे लागू नाही. मला कॅलरी नकोतच, मुंजीत बसून पुरणपोळीच्या कॅलरी कोण वाचणार. पण पुड्यातल्या 8 बिस्किटांना एवढी यादी आणि 600 माणसांच्या पंगतीला गाजराचं फूल, हे काही मनाला पटत नाही.

अजून दोन नावं आहेत ज्यात नियम अगदी स्पष्ट आहे आणि तरी तुमच्या पाटीवर गडबड असते. एक म्हणजे पनीर. दुधातलं फॅट काढून त्याजागी पामतेल किंवा तसलं वनस्पती फॅट घातलेलं जे पांढरं मिळतं, ते 'ॲनालॉग', त्याला पनीर म्हणून विकता येत नाही. दुसरं आइसक्रीम. साधं आइसक्रीम असेल तर त्यात दुधाचं फॅट किमान 10 टक्के पाहिजे (लो फॅटवाल्यांचं वेगळं), आणि वनस्पती तेलाचं असेल तर ते 'फ्रोझन डेझर्ट'. डब्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतंही, पण तुम्ही तो डबा टेबलाखाली ठेवता आणि वर पाटी लावता 'केशर पिस्ता आइसक्रीम'. केशराचं तर बोलायलाच नको, पिवळा रंग आणि वास यालाच केशर म्हणायचं असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. तसंच 'रत्नागिरी हापूस आम्रखंड', तेही डिसेंबरच्या लग्नात. हापूसला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्या जिल्ह्यांचं नाव त्यावर लागलं, ते मिळवायला लोकांनी किती वर्षं घासली असतील. डब्यातला रस वापरलात तरी माझं काही म्हणणं नाही, डिसेंबरात दुसरं काय करणार, आणि असेलही तो हापूसचाच. पण डबा कशाचा होता ते विचारलं की जर तुम्ही 'मॅडम, पल्प' एवढंच सांगणार असाल तर पाटीवर 'आम्रखंड' पुरे. रत्नागिरीला कशाला त्रास.

मी काही जुन्याच नावांना चिकटून बसा असं म्हणत नाहीये, गैरसमज नको. मंचुरियनचंच घ्या. त्याचा मंचुरियाशी काडीचा संबंध नाही, 1975 च्या सुमाराला मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग यांनी चिकनचा हा प्रकार पहिल्यांदा केला असं सांगतात, म्हणजे नाव शंभर टक्के बनावट. पण आज गावच्या जत्रेत सुद्धा मंचुरियन म्हटलं की काय येणार ते शेंबड्या पोराला माहीत आहे. नाव रुळलंय, त्यामुळे काम करतंय. 'जैन पावभाजी' म्हटलं की कांदा-लसूण नाही आणि बटाट्याऐवजी कच्चं केळं, हेही आता बहुतेकांना कळतं. किती हुशारीचं नाव आहे ते, दोन शब्दांत सगळी माहिती आणि वरून अपमान कुणाचाच नाही. 

आणि आपापल्या भागातली नावं तर पाटीवर आलीच पाहिजेत, ती बदलून गुळगुळीत करू नका. माझ्या भाचीच्या लग्नात मुलाकडचे नागपूरचे होते, तर त्यांनी 'सांबारवडी' ठेवली होती. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी घेतलीच नाही, म्हणे वडी आणि सांबार, इडलीबरोबर देतात ते, कोण खाणार पक्वान्नाच्या ताटात. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे भाचीच्या सासूबाईंनी, हाताला धरून टेबलापाशी नेऊन सांगितलं. मग मी 4 खाल्ल्या. आता त्या पाटीवर 'सांबारवडी' आणि खाली बारीक अक्षरात 'कोथिंबिरीचं सारण, खसखस, खोबरं' असं असतं तर आमच्या लोकांनी भांडं चाटूनपुसून स्वच्छ केलं असतं. त्याऐवजी उद्या कुणीतरी तिचं 'कोरिअँडर स्प्रिंग रोल' करून ठेवेल याची मला भीती आहे. (केलंही असेल. असलं तर मला फोटो पाठवू नका.)

यजमानांनो, आता तुम्ही. केटररवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही, कारण ही नावं पुष्कळदा आपल्यालाच हवी असतात. मागच्या वर्षी ह्यांची एकसष्टी केली तेव्हा केटररने मला कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं, 'दुधीचे कोफ्ते'. मी म्हटलं दुधी कशाला लिहिता, लोक म्हणतील दुधीवर भागवलं. त्याने विचारलं मग काय लिहू. मी म्हटलं 'नर्गिसी कोफ्ता' लिहा. तो जरा थांबला, म्हणाला 'वहिनी, त्यात अंडं असतं'. मला माहीतच नव्हतं! मी आपलं नाव ऐकलं होतं कुठेतरी, छान वाटलं, ठोकून दिलं. त्या दिवशी घरी येणाऱ्यांत अर्धे लोक अंडं न खाणारे, पाटी वाचून एकही माणूस त्या भांड्याकडे फिरकला नसता किंवा एखाद्याने खाऊन वर प्रायश्चित्त घेतलं असतं, आणि भांड्यात बिचारा निव्वळ दुधी. शेवटी आम्ही 'शाही कोफ्ता' वर तडजोड केली. म्हणजे दुधी लपवायचा तो लपवलाच मी. त्यामुळे फार ताठ मानेने हे पत्र लिहीत नाहीये.

तर आता मागणं. वरच्या ओळीत तुम्हाला जे लिहायचं ते लिहा, पेशवाई लिहा, नवाबी लिहा, मोगलाई लिहा, सोनेरी शाई वापरा, माझी हरकत नाही. फक्त खाली एक ओळ साध्या मराठीत लिहा की हे काय आहे आणि यात दाणे, काजू, दूध, अंडं, मैदा यातलं काय आहे. खर्च काही नाही, पाटी तीच, शाई तीच. तूप असेल तर तूप लिहा आणि डालडा असेल तर निदान 'शुद्ध तुपातले' तरी लिहू नका. काउंटरवर उभ्या केलेल्या मुलाला जाकीट आणि हातमोज्यांबरोबर त्याच्या समोरच्या भांड्यात काय आहे ते 5 मिनिटं सांगा, तो दिवसाच्या रोजावर आलेला असतो, कधी त्याला मराठी येत नसतं, त्याने तरी कुठून सांगायचं. ताटाची डावी बाजू, उजवी बाजू, मूद, वरून तुपाची धार हे सगळं जमणारे वाढपी आता कुठे उरलेत, ते मी मागतच नाहीये. पूर्वी पंगतीत वाढपी ओरडतच यायचा, 'भाजी वांगी-बटाटा, वांगी-बटाटा', तो ओरडा म्हणजेच आमची पाटी होती, आणि नको असेल तर आपण पानावर हात आडवा धरायचो.

पत्रिका छापणाऱ्यांनी फक्त जेवण आहे का नाही आणि साधारण किती वाजता हे यजमानाला विचारून छापावं. 'जेवण 12.30 पासून'. एवढंच. त्याला 'स्नेह' लावा, 'प्रीती' लावा, काही लावू नका, आमच्या सासूबाईंच्या गोळीला काही फरक पडत नाही.

माझ्या भाच्याची पुढची मुंज, म्हणजे त्याची स्वतःची, येत्या माघात आहे. मेनू बहिणीने एका वहीच्या कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलाय. वरण, भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर दह्यातली कूट न घालता, अळूवडी, जिलबी, मठ्ठा. 2 केटररनी आत्तापर्यंत कोटेशन दिलंय. दोघांनीही विचारलं, 'कोशिंबिरीला काही नाव द्यायचंय का?'

आपली,
डोंबिवलीची एक आत्या, मावशी, मामी आणि काकू (पत्रिकेत जिथे जे लागेल ते)

ता. क. 28 फेब्रुवारीला डोंबिवलीत एक रिसेप्शन होतं, तिथे 'दिलखुश हंडी' नावाची भाजी होती, तपकिरी रस्सा, वरून किसलेलं काहीतरी. ज्यांनी केली त्यांनी कृपया कळवावं. आई म्हणते दुधी होता, सासूबाई म्हणतात पडवळ, आणि ह्यांनी पनीर समजून दोनदा घेतली. आमच्यात 100 रुपयांची पैज लागलीय.